काकांची तीन मिनिटं

काकू, आणि मंडळातल्या सगळ्यांनो, एवढ्या बर्फात तुम्ही आलात. मला बोलायला सांगितलंय खरं, पण जीभ उचलत नाही. काका असते तर म्हणाले असते, मिलिंद, मुद्द्यावर ये. येतो.

वसंतकाका नागपूरचे. आयुष्यभर पाण्याचे इंजिनिअर. गणपतीच्या स्वयंपाकात गॅसची नळी तपासल्याशिवाय शेगडी पेटवू द्यायचे नाहीत. आपण मागून त्यांना 'थांबाकाका' म्हणायचो. मीही म्हणायचो.

शाळेमागच्या तळ्यात शेवाळ मारायचं औषध टाकायचं नगरपालिकेत घाटत होतं. काका सुनावणीला निघाले. तिथे प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. मला म्हणाले, तूही नाव दे. मी नाही म्हणालो. ग्रीन कार्ड अडकलंय, त्यात अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आपण सगळेच मान खाली घालून राहतो. सरकारशी पंगा कशाला? काका रागावले नाहीत. "बरं. मी बोलतो. तू गाडी काढ."

मी मागच्या खुर्चीत बसलो. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, याने कुणाला अपाय झाल्याचा पुरावा आहे? काका शांतपणे म्हणाले, "पुरावा मी का आणू? टाकताय तुम्ही. निर्धोक आहे हे तुम्ही दाखवा. तोवर थांबा." शेवाळ आम्ही दाताळ्याने ओढून काढू, असंही म्हणाले.

परतताना मी वाद घातला. पुराव्याशिवाय एवढं घाबरायचं? तर म्हणाले, अरे, रानातली अनोळखी अळंबी कुणी आधी पोरांना खाऊ घालून बघतं का? औषध वाईटच आहे असं ते कधीच म्हणाले नाहीत, बरं का. माहीत नाही, एवढंच म्हणाले. आणि त्या तळ्याकाठी खेळते कोण? माझी सई. माझी मुलगी, आणि बोलले काका. लाज वाटते मला.

निर्णय येत्या गुरुवारवर गेला. त्या दिवशी बोलणाऱ्यांच्या यादीत काकांचं नाव आहे. काका रविवारी गेले.

काल मी नगरपालिकेत फोन केला. त्यांच्या जागी मी बोलू का? बाई म्हणाल्या, नाव सांगा. सांगितलं, स्पेलिंगसकट. भीती गेलेली नाही. पण बोलणार. काकूंनी काकांची फाइल दिलीय, तीच घेऊन जाणार. यादीत अजून जागा आहे. तुम्हीही या. आणि दाताळी आणा, बर्फ वितळला की लागतील.

काका, तुमची तीन मिनिटं वाया जाणार नाहीत.

आता उभे राहू या. आज दोन मिनिटं आपण गप्प राहू. गुरुवारी मात्र कुणी गप्प राहायचं नाही.