सासूबाईंची सीट

मला अहिराणी कशी आली, विचारतेस? कुणी शिकवली नाही गं, भांडताना आली.

मी नाशिकची, सासर सटाण्याचं. लग्नानंतर मी अहिराणीत काही बोलले की सासूबाई चूक काढायच्या आणि घरातले सगळे हसायचे. शेवटी मी नुसती मान हलवायला लागले. समजायचं सगळं, पण तोंडच उघडायचं नाही.

एकदा आम्ही दोघी नाशिकहून एसटीने निघालो. मी खिडकीतून रुमाल टाकून सीट धरली. आत चढून बघते तर एक धट्टाकट्टा माणूस रुमाल बाजूला सारून ऐसपैस बसलेला! सासूबाईंचे गुडघे दुखत होते, त्या बिचाऱ्या दांडी धरून उभ्या राहिल्या. माझं डोकंच फिरलं.

"ओ दादा, उठा! हाई जागा मनी सासूनी शे!"

तो निमूट उठला. सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. आपण काय बोललो ते तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं आणि मी घाबरून सासूबाईंकडे बघितलं. त्या आरामात बसल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "आते डायव्हरले बी सांग, गाडी हळू चालाव!"