कंपायलरात मावेना मिरचीबाजार

...आणि वर म्हणतात काय, तर मिरच्या कमी कर! तुम्हाला सांगतो, आमच्या कोरीटच्या गिरधरभाऊंची रोहिणी, नंदुरबारला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, शेवटचं वर्ष, प्रॅक्टिकलला तिनं अख्खा मिरचीबाजार प्रोग्रॅममध्ये घातला, एकेक ढीग म्हणजे एकेक ऑब्जेक्ट, मालक वेगळा, ओल वेगळी, बोली वेगळी... आणि लॅबमधला तो निळ्या पडद्याचा कंपायलर, मशिनला प्रोग्रॅम समजावून देणारा, रोहिणीच्या जन्माआधीचा हो, मोजून चौसष्ट केबीचं पोट त्याचं, तो म्हणाला, एवढं मावत नाही. झालं. लॅबचे चुनीलाल सर उठून आले, "मिरच्या कमी कर वं बेटी. फुकटना शे तो, कितलं ओझं उचली?"

फुकटचा! अहो, नवा कंपायलरही फुकटच मिळतो की, रोहिणीनं सांगितलंसुद्धा, पण तो या जुन्या मशिनांवर चढतच नाही, म्हणजे फुकटचं वापरायला आधी महागाचं घ्या... कळलं का तुम्हाला? तिला कळलं, म्हणून तर डोकं फिरलं. सर म्हणाले, बरं, मिरच्या कमी करायच्या नसतील तर दोन-दोन ढीग एक कर. एक कर? कोरीटात दोन घरच्या मिरच्या एका ढिगात गेल्या तर भावकी तुटते, लग्नाची पत्रिका जात नाही, आणि ही पोर बापाचा ढीग काकाच्या ढिगात लोटणार? घरी सांगितलं तर गिरधरभाऊ ताटावरून उठले, "मन्ही मिरची काबर कमी करी ऱ्हायनी तू?" आई निर्मलाबाई म्हणते, "सर सांगतस ते कर नि पास व्हई जाय." नापास झाली की शिक्षण बंद आणि लग्न पुढ्यात, हे रोहिणीला पक्कं ठाऊक. तरी तिनं ठरवलं, एक ढीगही हलणार नाही. बाजार आहे तेवढा आहे, कंपायलरला जड जात असेल तर जाऊ दे जड. मला विचाराल तर, शाब्बास पोरी.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. बघतात तर काय, हिनं चार मशिनं अडवलेली, बाजाराचे चार तुकडे, एकेका मशिनवर एकेक, बोली लागली की ही या मशिनवरून त्या मशिनवर पळते, इथला आकडा वाचून तिथं टाइप करते, ओढणी कमरेला खोचलेली, धापा टाकतेय... आणि सर मागून कुजबुजताहेत, "आते तरी मिरच्या कमी कर..." ही ऐकतेय कुठं? शेवटचा ढीग विकला गेला, बेरीज बरोबर आली, एकाची मिरची दुसऱ्याच्यात गेली नाही.

परीक्षकांनी चष्मा काढला. "सगळं छान. पण ही चारही मशिनं जोडलीस कशानं?"

"माझ्यानं," रोहिणी म्हणाली.

पास केलं हो त्यांनी, नाही असं नाही. पण गुण कापलेच. म्हणाले, प्रोग्रॅम चांगला आहे, फक्त त्यात माणूस फार लागतो.