तिसऱ्या पानावरची चौकट

नाही नाही, चूक नाहीये ती — बसा ना, अलकनंदाताई, ती फाइल सरकवा बाजूला — बसा. तुम्ही नाशिकहून बदलून आलात, मराठी वाचता, म्हणून सापडलं. इथल्या मंडळींना देवनागरी दिसली की हिंदीच वाटते. आणि वाचतंय कोण? आधी आपल्या पेन्शनच्या कामाचा सगळा नकाशा एकाच कागदावर होता — अहो, त्या भिंतीवर चादरीसारखा टांगलेला! बाणच बाण. साहेब समोर उभे राहून म्हणायचे, "विश्वासजी, यार, इसमें शुरू कहाँ से करें?" मग मी काय केलं? कॉम्प्युटरवर घेऊन थर पाडले. वरच्या पानावर फक्त पाच चौकटी — अर्ज, तपासणी, हिशेब, मंजुरी, पैसे. बस्स. प्रत्येकीच्या पोटात अधिकचं चिन्ह. ते दाबलं की खालचं पान उघडतं, त्यातून आणखी खालचं. ज्याला जेवढं हवं तेवढंच त्यानं बघावं. साहेब खूश — "अब समझ में आया!" समजलं, बिल्कुल समजलं — म्हणूनच तर खाली उतरायची कुणाला गरज उरली नाही. आणि माझं टेबल कुठे? तिसऱ्या पानावर.

तिथेच टाकली ती चौकट, हिशेब जुळल्यावर, सहीच्या आधी — 'विश्वासरावांना जेवलात का विचारणे'. हसा, हसा. राजाभाऊ विचारायचे हो, त्या समोरच्या खुर्चीतून, रोज, डबा उघडायच्या आधी. ते रिटायर झाले, म्हणजे कामातली एक पायरी गळलीच ना? मी फक्त नोंदवली. वाटलं, कुणीतरी खाली उतरेल, हे काय म्हणून ओरडेल — ओरडलं असतं तरी चाललं असतं. सगळ्यांनी सह्या करून पुढे पाठवलं. घरी? घरी हेमलता असते की — म्हणजे असते पुण्यात, लेकीकडे. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये मी आणि फ्रिज. तो तरी अधूनमधून घुरघुरतो.

उद्या हे साहेबांकडे अंतिम मंजुरीला जाणार, त्याआधी शेवटची सही तुमची — कळतं मला. सगळ्या ऑफिसांत जायचंय, हसं होईल, आणि नाव तुमचं लागेल. तुम्ही तरी कशी ठेवणार? मीच काढतो, द्या तो माउस इकडे. ही चौकट निवडली — बाण जोडला — झालं. गेली. बघा, कुठे काही अडलं नाही. करा सही. चला, लंचची वेळ झालीय, खाली कॅन्टीनमध्ये तुमची मंडळी वाट बघत असतील — जा तुम्ही —

काय?

काय विचारलंत?

नाही हो... अजून नाही.