सणाचा पाव

युलालिया : ट्रंकेत फडक्यात गुंडाळून ठेवलेला पाव कुठे गेला, फोर्तुनातो?

फोर्तुनातो : कुठला पाव?

युलालिया : मिशीला चुरा लावून विचारतोयस. निकासिओनं दिलेला, सणाचा. तो आज परत करायचा होता.

फोर्तुनातो : भूक लागली होती गं. लेकीकडे न्यायचे बटाटे सुकवायला, पाणी काढायला तुडवत होतो सकाळपासून, त्या गोठलेल्या गवतावर. पोटात कावळे ओरडत होते.

युलालिया : चुलीवर भांडंभर सूप होतं.

फोर्तुनातो : दिसलं नाही.

युलालिया : समोरचं सूप दिसलं नाही, आणि ट्रंकेच्या तळाचा पाव बरा दिसला! अरे, सणाचा पाव खाल्ला म्हणजे शब्द दिला. आता बँडवाल्यांना सणभर जेवू कोण घालणार? गुरुवारी आपलं सामान न्यायला ट्रक येतोय. तिकडे अरेकिपाला लेकीनं, रोसेंदानं, आपल्यासाठी खोली रंगवून ठेवलीय.

फोर्तुनातो : ट्रकवाल्याला सांगू, सण झाल्यावर ये.

युलालिया : सणानंतर पेरणी, मग अल्पाकांची वीण. मी ओळखून आहे तुला. खाण बंद पडली तेव्हाही म्हणालास, थांबू, नवा मालक येईल. मालक राहिला बाजूला, आगगाडीसुद्धा बंद झाली. या गल्लीत आता एकट्या आपल्या घरातून धूर निघतो.

फोर्तुनातो : म्हणून तर म्हणतो. तोही बंद करायचा?

युलालिया : माझे गुडघे गेलेत थंडीनं. लेकीला दुसरं बाळ होतंय. मला जायचंय रे.

फोर्तुनातो : आणि मी तिकडे काय करू? गेल्या खेपेला जावई येता-जाता एकच विचारायचा, 'बाबा, टीव्ही लावू?' मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

(दार वाजतं. यंदाच्या सणाचा यजमान, वरच्या गल्लीतला निकासिओ आत येतो.)

निकासिओ : बसत नाही, वहिनी. पाव न्यायला आलोय. तुम्ही चाललात असं कळलं, म्हटलं तुम्हाला अवघड नको व्हायला. इतर घरांतूनही परतच आलेत. यंदा बँड नाही. स्पीकर लावू.

फोर्तुनातो : पाव मी खाल्ला, निकासिओ.

निकासिओ : सगळा?

युलालिया : सगळा. आता काय करायचं ते तूच सांग.

निकासिओ : असू दे. उंदरानं खाल्ला म्हणून सांगतो गावात. उंदराचा शब्द कोण धरून बसतंय?

युलालिया : माझ्या घरात उंदीर?

निकासिओ : सांगायला काय जातंय, वहिनी? नाहीतरी घर बंद झालं की होणारच.

फोर्तुनातो : होणारच. पलीकडच्या घरात आढ्यापर्यंत पोचलेत.

युलालिया : तू गप्प बस. याच चुलीवर माझ्या सासूनं अख्ख्या पाळीच्या खाणकामगारांना जेवू घातलंय. मी इथे पोरं वाढवली. या घरात उंदीर झाले नाहीत, आणि मी होऊ देणार नाही. निकासिओ, बँडवाले किती येतात?

निकासिओ : तुम्ही म्हणाल तेवढे.

युलालिया : नेहमीचे सगळे बोलाव. तो ढोलवाला दोघांचं खातो, त्यालाही.

फोर्तुनातो : मग ट्रक?

युलालिया : ट्रकवाल्याचं मी बघते. रोसेंदाला फोन मात्र तू कर. तिचा आवाज ऐकला, तर मी जाईन.