तान्हूबाईंची नजर

मंडळी, एक सांगा — ज्याच्यासाठी माणूस जिवाचं रान करतो, तेच पाठीशी येऊन उभं राहिलं, तर त्याला कळतं का? माना डोलवू नका, आधी ऐका!

एक होते सिनेमावाले. उदय सरवटे, दिग्दर्शक! सिनेमाचा शेवट असा — बारा वर्षांनी मुलगा घरी येतो आणि आई त्याच्याकडे बघते. आईच्या कामाला नटी नको म्हणाले. माणदेशातली खरीखुरी म्हातारी घेतली, तान्हूबाई. एकटी बाई, मूलबाळ नाही. आणि हा सिनेमा कसा बनतो, त्याचा माहितीपट करायला रेवती नावाची मुलगी छोटा कॅमेरा घेऊन फिरत होती.

झालं सुरू. मुलगा उंबऱ्यात येतो, तान्हूबाई बघते — "कट! परत!" दहा वेळा, वीस वेळा, चार दिवस! अहो, आपण देवापुढे एकदा धड हात जोडत नाही, आणि हे एका नजरेपायी साठ वेळा! नटाला ताप आला, कॅमेरामन भांडून निघून गेला, सरवट्यांनी अन्न सोडलं. पाचव्या दिवशी म्हातारीवर ओरडले, "आजी, मुलगा आलाय तुमचा. डोळ्यांत दिसू दे की!"

तान्हूबाई शांतपणे म्हणाली, "दिसंल कसं, बाबा? ह्यो माझा न्हाई."

शूटिंग गुंडाळलं. शेवटावाचून सिनेमा पडून राहिला.

वर्षानं रेवतीनं आपला माहितीपट त्यांना दाखवला. त्यात सरवटे स्वतःलाच बघतायत — दाढी वाढलेली, मॉनिटरला नाक लावून बसलेले, कुणावर तरी खेकसतायत. आणि मागे? मागे तान्हूबाई! हातात भाकरीचं ताट. हाक मारावी की नको, अशी उभी. आणि काय ती नजर, मंडळी! जिच्यासाठी सगळ्यांचा जीव काढला, ती नजर त्यांच्याच पाठीवर! रोज यायची म्हणे, ताट झाकून ठेवून जायची. सरवटे ढसाढसा रडले हो.

रेवती म्हणाली, हाच तुकडा शेवटी जोडा, सिनेमा पुरा होईल. सरवटे नको म्हणाले. माणदेशात गेले. एकटे, कॅमेरा न घेता. जाऊन उंबऱ्यात उभे राहिले.

तान्हूबाईनं बघितलं. म्हणाली, "वाळलास लई. हातपाय धू, जेवायला बस."

हे त्यांचं झालं. आता तुमचं! इथे देव बघायला आलात, बरं केलंत. पण घरी गेल्यावर दाराची कडी कोण काढतं? त्या माणसाचं तोंड शेवटचं कधी बघितलंत? आज बघा. नीट बघा. चला, उठा — आरती थोडक्यात आटोपू. तुम्हाला घरी जायचंय.