आत्या वर आलीय

...आणि वर तो मला सांगतो, "साहेब, माशांचा काही त्रास नसतो." काही त्रास नसतो म्हणे. "कुत्रा भुंकतो, मांजर ओरबाडतं, पोपट पाहुण्यांसमोर नको ते बोलतो. मासा काय करतो? पोहतो. गप्प." हे कोण सांगतंय, तर मासेवाला. खायच्या माशांचा नव्हे हं, बघायच्या माशांचा. त्याच्या दुकानात चारी भिंतींना काचेच्या टाक्या, निळा उजेड, बुडबुडे, आणि मधे हा स्टुलावर बसून अर्धे डोळे मिटून बोलतो. आता ज्याच्या दुकानाच्या मागे घरघरणारा जनरेटर आहे त्याला कसला आलाय त्रास? हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण मी बघत होतो माशांकडे, बायको बघत होती माझ्याकडे, आणि ती तशी बघायला लागली की माझ्या तोंडून "घेऊन टाकू" एवढंच निघतं.

तुम्हाला सांगतो, मासा पाण्यात राहतो ही अर्धवट माहिती आहे. मासा विजेवर राहतो. पाण्यात हवा सोडायला पंप, पाणी गाळायला फिल्टर, दोघांच्या वायरी एकाच बोर्डात खुपसलेल्या. वीज आहे तोवर सगळं झकास. वीज गेली की पाण्यातली हवा कमी होत जाते, आणि मग एकेक मासा वर येतो, तोंड पाण्याबाहेर काढतो आणि आ करतो. बंद करतो. पुन्हा आ करतो. बघणाऱ्याचा जीव जातो हो. आणि आमच्याकडे लाईट कधी जाते ते विचारू नका, कधी असते ते विचारा.

पहिल्यांदा गेली ना, तेव्हा तर भलतंच झालं. पंप ठेवला होता खाली जमिनीवर, टाकी वर कपाटावर. पंप बंद पडला आणि ज्या नळीतून हवा वर जायची त्याच नळीतून पाणी खाली यायला लागलं. नळीतून पंपात, पंपातून जमिनीवर, जमिनीतून थेट खालच्या मजल्यावर. खाली राहतात शिंपीकाका. ते आले वर, हातात कुणाचातरी अर्धा शिवलेला कोट, त्याची एक बाही टपटप गळतेय. "वरून काही सोडलंय का?" मी म्हटलं, "हवा सोडली होती, काका." तेव्हापासून ते मला जिन्यात दिसले की छत्री उघडल्यासारखं करतात. पंप आता माळ्यावर चढवलाय. तिथून रात्रंदिवस गुणगुणतो. पण नाही, माशांचा काही त्रास नसतो.

तर आमच्या टाकीत एक मोठी मासोळी. सोनेरी रंग, कपाळावर पांढरा पट्टा, गाल फुगलेले, ओठ पुढे काढलेले, आणि चोवीस तास कुणावर तरी नाराज. बायकोने तिला टाकीत सोडलं, ती वळली, आमच्याकडे असं बघितलं, आणि बायको म्हणाली, "अय्या, आत्या." झालं. नाव मी ठेवलेलं नाही हं, हे आधीच सांगून ठेवतो. मी फक्त हसलो. आता ती हुबेहूब आमच्या आत्यासारखी दिसते त्याला मी काय करू?

आत्या म्हणजे माझ्या वडलांची बहीण. पुढच्या गल्लीत एकटी राहते. आई लवकर गेली, मला हिनेच वाढवलं, आणि वाढवलं म्हणजे कान धरून वाढवलं. तिच्या घरी टीव्ही आहे, पण दुपारची मालिका बघायला ती येते आमच्याकडे, कारण मालिका एकटीने बघता येत नाही. जिच्यावर आपण चिडतो ती टीव्हीत असते, पण चिडलेलं ऐकून घेणारा शेजारी बसलेला लागतो. तो मी. आणि आत्या टाकीकडे ढुंकूनही बघत नाही. "पाण्यात काय बघायचंय?" मला तेच हवं होतं. कारण आत्याचा अबोला तुम्हाला माहीत नाही. आमचे काका, तिचा सख्खा धाकटा भाऊ, एकदा जेवताना म्हणाले, "ताई, अंगाने जरा भरलीस गं." बस. त्या घासापासून आत्या त्यांच्याशी बोललेली नाही. समोर बसली तरी भिंतीला सांगते, "भिंती, त्याला म्हणावं मीठ दे." आता मला सांगा, भरलीस म्हटल्यावर ही तऱ्हा, तर मासा म्हटल्यावर काय होईल? हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ती. ती बोलायची थांबली तर मला रागवायला या जगात मोठं माणूस कोण उरलंय?

तर त्या दिवशी बायको शाळेच्या प्रशिक्षणाला परगावी. जाताना पोरांना सांगावं तसं मला सांगून गेली, "लाईट गेली तर खायला घालू नका, मगने पाणी उचलून उंचावरून ओता, धार पडली की हवा मिसळते. आणि मी येईन तेव्हा आत्या मला पोहताना दिसली पाहिजे." मी म्हटलं, दिसेल. माझं चष्म्यांचं दुकान, दुपारी बंद करून घरी जेवायला येतो. पहिला घास तोंडाशी, आणि गेली. म्हटलं येईल. नाही आली. मालिकेची वेळ झाली तरी आत्याही नाही आली, म्हटलं बरं झालं, लाईट नाही म्हणून आली नसेल. इन्व्हर्टरवर पंप चालला थोडा वेळ, मग इन्व्हर्टरनेही मान टाकली. आणि मग टाकीतली आत्या वर आली.

मी ताट सोडून मग घेतला. उचल, ओत. उचल, ओत. हात भरून आला, शर्ट भिजला, आणि आत्या एका कुशीवर कलायला लागली. मला आठवला माझा धाकटा भाऊ. त्याचं सायकलींचं दुकान आहे, त्याच्याकडे पायाने मारायचा पंप असतो. हवा ती हवा, सायकलीत काय आणि पाण्यात काय. एका हाताने पाणी ओततोय, दुसऱ्या हाताने फोन लावला. उचलला भावजयीने. स्वभावाने सोन्यासारखी आहे, पण अर्धं ऐकून पूर्ण करायची घाई फार.

"अगं, तो आहे का? पंप हवाय, ताबडतोब."

"ते चाक जोडतायत. काय झालं दादा?"

"आत्या वर आलीय."

"मग? दुपारच्या येतातच की त्या."

"अगं, वर आल्यापासून तोंड उघडं आहे."

"त्यात नवीन काय, दादा?"

"श्वास घेता येत नाहीये तिला. आता तर आडवी व्हायला लागलीय."

पलीकडून बारीक आवाजात, "अगं बाई. मग तुम्ही काय करताय?"

"मगने पाणी ओततोय."

"आत्यांवर?"

"मग कुणावर? मघापासून उंचावरून ओततोय, काही फरक नाही. लाईट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी गेली, आणि आता..." इतक्यात माझा फोन टुंई करून विझायला लागला. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "...गेली, ही पण गेली." आता मला वाटलं मी हे स्वतःशी म्हटलं. पण फोन विझायच्या आधी ते शेवटचं "गेली" पलीकडे पोचलं होतं म्हणे.

मला काय माहीत? मी आपला उचल, ओत. थोड्या वेळाने जिन्यावर धाडधाड पावलं. दार उघडंच होतं. आधी शिरला भाऊ, हात काळे, बगलेत पंप. त्याच्यामागे भावजय, डोळ्यांना पदर. तिच्यामागे आमचे डॉक्टर, गळ्यात नळी, आणि खांद्यावर, खरं सांगतो, ऑक्सिजनचा सिलिंडर. गावभर कळवून झालं होतं. डॉक्टर धापा टाकत म्हणाले, "कुठे आहेत?"

मी म्हटलं, "या या, इथे, टाकीत."

भावजय मटकन खुर्चीत बसली. "दादा, टाकीत कशाला ठेवलं हो त्यांना?"

"मग कुठे ठेवू? बादलीत मावत नाही ती."

भाऊ माझ्याकडे असा बघायला लागला की हा आता पोलिसांना बोलावणार. डॉक्टरांनी मात्र टाकीत डोकावून बघितलं. आत्या कुशीवर पडून आ करत होती. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्या हातातल्या मगकडे, आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. मग हळूच म्हणाले, "मी अर्धा दवाखाना बाकावर बसवून आलोय." मी म्हटलं, "डॉक्टर, चूक कुणाची ते नंतर ठरवू, पण ती खरंच जातेय हो." ते सिलिंडर खाली ठेवत म्हणाले, "आणलाच आहे तर लावू." आणि माणसाच्या तोंडाला लावायचा तो मास्क त्यांनी पाण्यात बुडवला. असे बुडबुडे आले म्हणता. आम्ही चौघं टाकीभोवती वाकून उभे. भावजय अजून मुसमुसत होती, का ते तिलाही ठाऊक नसावं. आत्याचा एक पर हलला. मग दुसरा. मग ती हळूहळू सरळ झाली. भाऊ म्हणाला, "आत्या सावरली." आणि दारातून आवाज आला.

"मला काय झालं होतं?"

आत्या. खरी. तिच्या मैत्रिणीच्या गल्लीत लाईट असते, तिकडे जाऊन मालिका बघून आली होती आणि काय घडलं ते मला सांगायला वर आली होती. आणि तिच्यामागे आमचे काका, डोळे लाल. ते जिन्यात बसून रडत होते म्हणे, "शेवटचं बोललीसुद्धा नाही गं ताई," आणि खालून उत्तर आलं, "रडतोस काय मेल्या, वाट सोड." इतक्या वर्षांनी थेट बोलली. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, मग ती जिन्याच्या कठड्याला म्हणाली, "त्याला म्हणावं नाक पूस."

आत येऊन तिने सगळं बघितलं. सिलिंडर, मास्क, टाकी. "ऑक्सिजन कुणाला लावलाय?"

मी डोळ्यांनी सगळ्यांना खुणावतोय, गप्प बसा, गप्प बसा. भावजय बोलून गेली, "आत्यांना."

संपलं. मी मग छातीशी धरून उभा. आत्या टाकीजवळ आली. वाकली. आतली आत्या पुढे आली. काचेच्या अलीकडे एक, पलीकडे एक, दोघींचे ओठ पुढे, दोघींचे गाल फुगलेले, दोघी माझ्यावर नाराज. डॉक्टर छताकडे बघायला लागले. मी मनात म्हटलं, गेली, आता मात्र खरी गेली, उद्यापासून मी भिंत. आत्या सरळ झाली आणि माझ्याकडे वळली.

"मागच्या थंडीत मला दम लागला होता, तेव्हा तू मला काय म्हणालास?"

मला आठवेना.

"वाफ घे म्हणालास. फोनवर. आणि हिला घरी डॉक्टर? सिलिंडर? जेवण सोडून पाणी ओततोस? अरे, मी काय घोडं मारलं होतं तुझं?"

तुम्हाला सांगतो, मला इतकं हलकं वाटलं. ती चिडली होती, म्हणजे बोलत होती. माझ्याशी बोलत होती, भिंतीशी नाही. मला रडूच आलं, पण शर्ट आधीच ओला होता म्हणून कुणाला कळलं नाही. ती म्हणाली, "सरक." डॉक्टरांच्या हातातून मास्क घेतला आणि लाईट येईपर्यंत स्वतः धरून बसली. माशाला मालिकेची पूर्ण गोष्ट सांगितली. मासा एकदाही मधे बोलला नाही, हे तिने मला नंतर दोनदा ऐकवलं. आणि उठताना म्हणाली, "या घरात आत्याची एवढी सेवा होते हे मला माहीत नव्हतं. सामान घेऊन येते."

आणि आली हो. पेटी, गादी, उशी, सगळं घेऊन आली. बायको परत आली तर आत्या पोहतेय आणि आत्या सोफ्यावर आहे. बायको म्हणाली, "मी एकीला जपायला सांगितलं होतं."

आता लाईट गेली की आमच्या घरात दोन आत्या तोंड उघडतात. एकीला हवा लागते, एकीला मालिका. एकीच्या टाकीत मी मगने पाणी ओतलं की ती सरळ होते. दुसरीजवळ बसून, मालिकेत आज काय झालं असतं ते मला मनाने रचून सांगावं लागतं, आणि चुकलं तर, "तिची सासू असं बोलूच शकत नाही, पुन्हा सांग." पुन्हा सांगतो. एका हाताने पाणी ओतत सांगतो. परवा रस्त्यात मासेवाला भेटला. तसेच अर्धे मिटलेले डोळे. "काय साहेब, कसं चाललंय? त्रास नाही ना काही?"

मी म्हटलं, "छे हो. माशांचा काही त्रास नसतो."