रानज्वारीला कुठली अक्कल

बसा, मायबापहो. मला सभेत बोलता येत न्हाई. आजवर बोलले ते रानात, खुरपता खुरपता. पर गुरुजी गेले अन् मी गप बसले, तर माझ्याच जिवाला लागंल.

मी कौसाबाई. वीस वर्सं गुरुजींच्या रानात खुरपायला. गुरुजी राणीसावरगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, अन् सुट्टी लागली की आमच्याच ओळीत खुरपं घेऊन बसायचे. एकदा मागून हसायले. "कौसाबाई, खरी ज्वारी उपटली की तुमी. रानज्वारी ठेवली!"

पाहते तर खरंच. तसंच पान, तसाच रंग. मी म्हणले, "लय लबाड हाय ही. सोंग घेती."

"तिला कुठली अक्कल?" गुरुजी म्हणले. "जी येगळी दिसली ती तुमी दरसाल उपटली. जी जराशी ज्वारीसारखी होती ती नजरेतून सुटली, तिचंच बी पडलं. आज्या-पणज्यांपासून हेच चालू हाय. तसं होता होता ती अशी झाली. कुणी ठरवलं न्हाई."

कुणी ठरवलं न्हाई. माझा हात तिथंच थांबला.

माझी सुमन फाटका ओठ घेऊन जलमली. सासू म्हणली, पोटुशी असताना सूर्याला गिराण लागलं, तवा तू भाजी चिरली. चिरली का न्हाई, मला आठवत बी न्हाई. परभणीला नेऊन ओठ शिवला, पर ते पाप मी बारा वर्सं उरावर घेऊन हिंडले. त्या दिवशी इचारलं, "गुरुजी, मंग माझ्या सुमनचा ओठ?"

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "पोटात जीव घडताना कवा कवा कायतरी जुळायचं र्‍हाऊन जातं, कौसाबाई. जनावरात बी, माणसात बी. ती कुणाची शिक्षा न्हाई."

मी बांधावर बसून लय रडले. ते पाणी घेऊन आले.

वैनी, तुमच्या धन्याला, आमच्या गुरुजींना जाऊन दहा दिस झाले. तुमी एकच म्हणायलात, पोखर्णीच्या नरसिंहाचा नवस माझ्याकडून फेडायचा राहिला म्हणून त्यांना दुखणं आलं. मी बी देवाला मानते. पर आज गुरुजी असते तर तुमच्यापशी बसून त्यांनीच सांगितलं असतं. ते न्हाईत, म्हणून मी सांगते. तुमचं कायी चुकलं न्हाई, वैनी. कायीच न्हाई.

आता समदे उभे राहा. वैनी, तुमी बसूनच राहा, मी जवळ येते. गुरुजींसाठी घडीभर कुणी बोलू नका.